पडद्याकडे पाठ

कोल्हापुरात एखाद्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांचं नाव नसेल, तर लोक पत्रिका उलटून मागे बघतात. मागेही नसेल तर छापताना राहिलं असावं असं समजून आयोजकांना फोन करतात. मी वर्तमानपत्रात काम करतो. रोज सात-आठ पत्रिका टेबलावर येऊन पडतात आणि त्यांतल्या बहुतेकांची बातमी कार्यक्रम होण्याआधीच लिहून ठेवता येते. फक्त नावं बदलायची असतात. त्यामुळे नऊ-दहा वर्षांपूर्वी एका सकाळी आलेला तो कागद मी दोनदा वाचला. हाताने लिहिलेल्या मजकुराची झेरॉक्स होती. ‘रविवारी दुपारी दोन वाजता तालमीच्या वरच्या हॉलमध्ये आपल्या भागातल्या पोरापोरींनी केलेल्या चार छोट्या फिल्म दाखवणार आहे. खऱ्या माणसांच्या आहेत. यावे.’ खाली नाव नाही, संस्था नाही, ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’ नाही. इतक्या थोड्या शब्दांत आमच्याकडे कुणी कुणाला बोलावत नाही. मी गेलो.

हॉलच्या खिडक्यांना निळी ताडपत्री ठोकलेली होती. पंखे बंद, कारण पंख्यांच्या घरघरीत पडद्यावरचं बोलणं ऐकू येत नाही, असं दारातच सांगण्यात आलं. समोर पांढरा पडदा, आणि पडद्याच्या डाव्या कडेला एक लोखंडी खुर्ची. खुर्चीचं तोंड आमच्याकडे. तिच्यावर पांढरी टोपी घातलेले, मनगटापर्यंत बटणं लावलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मी मनात म्हटलं, सापडले अध्यक्ष. आता हे उठणार, घसा खाकरणार आणि अर्धा तास जाणार. ते उठले नाहीत. दिवे गेले, फिल्म सुरू झाली, तरी ते तसेच, पडद्याकडे पाठ करून आमच्याकडे बघत बसलेले. चारही फिल्म संपेपर्यंत त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

बाहेर पडताना मी त्यांना म्हटलं की तुम्हाला काहीच दिसलं नसेल. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाले, “फिल्म तुमी बघितलासा. मी तुमाला बघितलं. दुसऱ्या फिल्मला तुमी दोनदा घड्याळ बघितलासा, पावणं. कंटाळवाणी हाय व्हय ती?”

होती. मी आजवर परीक्षणं बरीच लिहिली, पण परीक्षणाचं परीक्षण करणारा माणूस पहिल्यांदा भेटत होता.

त्यांचं नाव आदगोंडा मगदूम. सगळे अण्णा म्हणत. पेठ वडगावात त्यांचं सरकी-पेंडेचं दुकान होतं, चाळीस वर्षं त्यांनी जनावरांचं खाद्य विकलं. पत्नी गेल्यावर दुकान धाकट्या भावाकडे देऊन ते शाहूपुरीत मुलाकडे राहायला आले. जैनांची सगळी पथ्यं पाळत. कांदा-बटाटा नाही, पाणी उकळून गाळून स्टीलच्या बाटलीतून बरोबर आणलेलं, आणि जेवण दिवस मावळायच्या आत. हे शेवटचं पथ्य सांगायला हवं, कारण आमच्या शहरातल्या एकमेव लघु माहितीपटांच्या उपक्रमाची वेळ त्या जेवणावर ठरलेली होती. जगभर उघड्यावरचा सिनेमा अंधार पडल्यावर दाखवतात. अण्णांचा खेळ भर दुपारी दोन वाजता, आणि त्यासाठी अंधार ठोकून तयार करावा लागे.

तो ठोकायचं काम दस्तगीर मुजावर यांचं. दस्तूभाई मंडपवाले. पडदा त्यांचा, प्रोजेक्टर त्यांचा, ताडपत्री त्यांची. लग्नाचा मंडप आणि अण्णांचा खेळ एकाच रविवारी आला तर लग्न पुतण्याकडे सोपवून दस्तूभाई इकडे येत. दर वेळी शिडीवर चढून ताडपत्री ठोकताना ते एकदा तरी म्हणायचे की संध्याकाळी तालमीच्या अंगणात खेळ लावला तर हा ताप वाचेल. अण्णा खालून विचारायचे, मग मी जेवू कवा? एक दिवस उशिरा जेवलं तर काय होतंय, असं दस्तूभाई म्हणाले की अण्णांचं उत्तर ठरलेलं असायचं. “रोज्याच्या दिवशी तुमी वाईच आधी जेवलासा तर काय हुतंय?” दस्तूभाई पुढचा खिळा ठोकायचे. रमजानात खेळानंतरची चर्चा लांबली की दोघंही घड्याळ बघायला लागत, एक जण दिवस मावळायच्या भीतीने आणि दुसरा तो मावळत नाही म्हणून.

अण्णा या फंदात कसे पडले ते त्यांनी मला तुकड्यातुकड्याने सांगितलं. वडगावच्या दुकानात एकदा एक पोरगा कॅमेरा घेऊन आला. तीन दिवस त्याने दुकान टिपलं, अण्णांना पोत्यात हात घालायला लावलं, गिऱ्हाइकांशी बोलायला लावलं, घरून आलेल्या डब्यातलं जेवला आणि गेला. वर्षभराने कुणी पै-पाहुणा म्हणाला की अण्णा, तुमची फिल्म पुण्यात बघितली, बक्षीस मिळालं तिला, लई टाळ्या पडल्या. “माझं तोंड पुण्यानं बघितलं,” अण्णा म्हणायचे, “आन मी न्हाय.” यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. त्यांनी त्या पोराचा पत्ता काढला. तो बिचारा लाजला आणि मोबाइलवर दाखवायला लागला. अण्णांनी त्याला थांबवलं, पेंडेच्या गोदामात भिंतीला धोतर लावलं आणि सगळ्या पेठेला बोलावलं. ती फिल्म बघताना लोक पडद्याकडे बघत होते आणि अण्णा, स्वतःचं तोंड मोठं झालेलं बघवेना म्हणून, लोकांकडे. तिथून ती सवय लागली.

आणि तिथूनच त्यांचा एकुलता एक नियम आला. ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांनी ती आधी बघायची, त्यांच्या घरात. मग हॉलमध्ये दाखवायची. हॉलमध्ये बसायच्या पहिल्या दोन ओळी त्यांच्या, आणि खेळ संपल्यावर पहिला शब्दही त्यांचा. कुणी नवा पोरगा पेन ड्राइव्ह घेऊन आला की अण्णा कॅमेरा कुठला, किती दिवस लागले, असलं काही विचारत नसत. त्यांचा प्रश्न एकच: “त्या माणसांनी बघितली का?”

एका नगरसेवकांना ही ओळींची भानगड माहीत नव्हती. ते चार कार्यकर्ते, शाल आणि श्रीफळ घेऊन आले. श्रीफळ कुणाला द्यायचं ते ठरलेलं नव्हतं. सोबत असलेलं बरं म्हणून आणलं होतं. पहिल्या ओळीत त्यांनी जागा घेतली. अण्णा उठून त्यांच्यापाशी गेले आणि अगदी नरमाईने विचारलं, “सायेब, ह्या फिल्ममधी तुमी कुठं हाय?” साहेब म्हणाले, कुठंच नाही. अण्णा म्हणाले, “मग तिसऱ्या ओळीत बसा की. हितं रंकाळ्यावरच्या भेळवाल्या बाई बसणार हाईत.” साहेब तिसऱ्या ओळीत बसले, आणि पुढे बाईंचा अंबाडा असल्यामुळे त्यांना फिल्म तिरकी मान करून बघावी लागली. शेवटी ते श्रीफळ त्यांनी बाईंनाच दिलं. त्या दिवशीचा तेवढाच सत्कार मला योग्य माणसाचा झालेला आठवतो.

मी अधूनमधून जायला लागलो, मग दर वेळी. दाराशी फळ्यावर प्रत्येक फिल्मविषयी चार ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं. लिहिणारा माणूस म्हणजे मास्तर, असं अण्णांच्या डोक्यात पक्कं होतं, म्हणून ते मला मास्तर म्हणत. मी शिक्षक नाही हे सांगायचं मी दोन वर्षांनी सोडून दिलं.

पडद्याकडे पाठ करून बसण्यावर माझा सुरुवातीला विश्वास नव्हता. मला ते एक प्रकारचं नाटक वाटायचं, आणि साधेपणाच्या नाटकाची मला मोठेपणाच्या नाटकाइतकीच चीड आहे. मग एकदा तालमीतल्या एका मालिश करणाऱ्यावरची फिल्म आली. खेळ संपल्यावर अण्णांनी ती करणाऱ्या पोराला बाजूला घेतलं आणि म्हणाले, मधे कुठंतरी बासरी वाजायला लागते, तिथं काय आहे? तिथं चौघांनी मोबाइल काढले, एका बाईने पदर नीट केला, आणि ज्याच्यावर फिल्म आहे तो मालिशवाला स्वतःच्या पायाकडं बघायला लागला. पोरगा म्हणाला, तिथं निवेदन आहे, लाल मातीच्या हुंकाराबद्दल. अण्णांनी विचारलं, “माती हुंकार देती व्हय?” पोराने माझ्याकडे बघितलं. निवेदन मी लिहून दिलं होतं.

ते काढून टाकल्यावर फिल्म दीड मिनिटाने लहान झाली आणि मालिशवाला पुढच्या खेळाला नातवंडं घेऊन आला. अण्णा मला रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, पोत्यात वरवरची पेंड सगळ्यांचीच चांगली असते मास्तर, हात कोपरापर्यंत घालायला लागतो. तेव्हापासून मी विशेषणं कमी लिहितो. माझे संपादक याचं श्रेय स्वतःकडे घेतात.

पण अण्णा मला खरे कळले ते मेघाच्या फिल्ममुळे.

मेघा बिद्रीची. तेव्हा ती तेवीस वर्षांची असेल. उसना कॅमेरा घेऊन तिने कोडोलीजवळच्या एका गुऱ्हाळावर अख्खा हंगाम काढला होता. फिल्म होती तिथल्या गुळव्यावर, ज्ञानूतात्यांवर. काहिलीत उसाचा रस उकळून उकळून त्याचा पाक होतो, आणि तो नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. आधी रंग बघायचा. रंग आला की बोटाने थोडा पाक पाण्यात टाकून त्याची गोळी करून बघायची. जरा आधी उतरला तर गूळ मऊ पडतो, जरा उशीर झाला तर करपतो. सगळ्या गुऱ्हाळाची अब्रू त्या एका माणसाच्या ‘उतरा’ या शब्दावर असते. तात्या चाळीस वर्षं तो शब्द उच्चारत होते.

तात्यांची बायको आक्काताई. बायका सहसा काहिलीजवळ काम करत नाहीत, चिपाडं वाळवायला वगैरे असतात. पण गेले तीन हंगाम आक्काताई हट्टाने काहिलीपाशी रसावरची मळी काढायला उभ्या राहत. हे असं का, ते कुणी विचारलं नव्हतं. मेघाला ते फिल्म जोडताना उमगलं. प्रत्येक वेळी तात्यांनी पाण्यात बोट घालायच्या आधी आक्काताई झारा काहिलीच्या काठावर दोनदा आपटायच्या. टक् टक्. मग तात्या हात पुढे करायचे. तात्यांना काचबिंदू झाला होता. पाकाचा रंग त्यांना दिसतच नव्हता. बायको रंग बघत होती आणि झाऱ्याने सांगत होती. तीन हंगाम, मालकाच्या आणि दहा मजुरांच्या देखत, कुणाला पत्ता न लागता.

मेघाने ही गोष्ट शेवटच्या दोन मिनिटांत ठेवली होती. तात्यांचा थिजलेला डोळा, झारा, टक् टक्, आणि ‘उतरा’. मी ती दोन मिनिटं तिच्या लॅपटॉपवर बघितली आणि पुन्हा लावायला सांगितली. नवराबायकोंविषयी मी पुष्कळ वाचलेलं आहे. इतकं थोडक्यात कुणी सांगितलेलं नव्हतं.

नियमाप्रमाणे आम्ही कोडोलीला गेलो. दस्तूभाईंचा टेम्पो, मेघा, अण्णा आणि मी. तात्यांच्या घरात दार लावून भिंतीवर फिल्म लावली. बघायला तात्या, आक्काताई आणि त्यांची सून. अण्णा भिंतीला टेकून त्यांच्याकडे तोंड करून बसले. तात्यांना चित्र धूसर दिसत असणार. ते कान देऊन ऐकत होते आणि स्वतःच्या आवाजावर हसत होते. फिल्म संपल्यावर आक्काताई म्हणाल्या, लई झ्याक केलंस पोरी. चहा झाला, पोहे झाले, मेघाची ओटी भरली. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. याहून चांगली संमती कुठल्या कागदावर मिळत नाही, असं मला वाटलं.

परत येताना पन्हाळ्याचा फाटा मागे पडला तेव्हा अण्णा मेघाला म्हणाले, तो शेवटचा तुकडा काढता येईल का बघ.

मेघाला आधी कळेना. अण्णांनी सांगितलं, टक् टक् झालं तेव्हा आक्काताईने नवऱ्याचं मनगट धरलं. आणि दाराकडं बघितलं, बाहेर कोण उभं आहे का म्हणून.

मेघा म्हणाली, पण त्या हो म्हणाल्या ना, तुमच्यासमोर.

“घरी आलेल्या पावण्याला न्हाय म्हणतंय व्हय कोण?” अण्णा म्हणाले. “तू त्यांचं पोहे खाल्लंस. पोहे खाणाऱ्याला न्हाय म्हणता येत न्हाय.”

मग ती चिडली, आणि तिचं चिडणं बरोबर होतं. दहा दिवसांवर आलेल्या खेळाला मुंबईहून एक बाई येणार होत्या, मोठ्या महोत्सवासाठी फिल्म निवडणाऱ्या. मेघाच्या बाबतीत असं पुन्हा केव्हा होणार हे कुणालाच माहीत नव्हतं. ती दोन मिनिटं काढली तर उरते ती गूळ कसा करतात याची माहिती. ती तर पाठ्यपुस्तकात असते. मी तिची बाजू घेतली. मी म्हटलं, अण्णा, त्यात खोटं काहीच नाही. आहे ते सगळं खरं आहे.

“खरं हाय म्हणूनच बोलाय लागलोय, मास्तर,” अण्णा म्हणाले. “खोटं असतं तर दाव म्हणलो असतो.”

भीती काय होती ते सगळ्यांना कळत होतं. गुऱ्हाळाचे मालकही फिल्ममध्ये होते. म्हणजे नियमाप्रमाणे हॉलच्या पहिल्या ओळीत तेही असणार. न दिसणारा गुळव्या कुठला मालक पुढच्या हंगामाला ठेवेल? मेघाने सुचवलं की मालकाला बोलवूच नये. अण्णांनी मान हलवली. तो पण फिल्ममध्ये आहे, त्याला कसं वगळायचं? स्वतःच्याच नियमाने त्यांना असं अडवलं होतं आणि तो वाकवायची त्यांची तयारी नव्हती. फिल्म दाखवू नकोस असंही ते म्हणेनात. माल तुझा आहे, म्हणाले, मी नुसता दुकानदार. एवढंच कर. परत एकदा कोडोलीला जा, एकटी. आक्काताईला एकटीला गाठ आणि विचार. “आन एक ध्यानात ठेव. पाणीसुद्धा घ्यायचं न्हाय.”

मेघा तिसऱ्या दिवशी गेली. संध्याकाळी, म्हणजे अण्णांचं जेवण आटोपल्यावर, ती शाहूपुरीत आली. मी तिथेच होतो. तिने सांगितलं की दारात पाय ठेवल्याबरोबर आक्काताईंनी चहाचं भांडं ठेवलं. ही नको म्हणाली. त्या म्हणाल्या, अर्धा कप घे. ही नको म्हणाली. मग पाणी तरी, मग गुळाचा खडा तरी. हिने कशालाच हात लावला नाही. आक्काताई आधी हसल्या, मग रागावल्या, आमच्या घरचं चालत नाही व्हय आता म्हणाल्या, आणि शेवटी चूल विझवून तिच्यासमोर खाली बसल्या. मग बोलल्या. मेघा ते त्यांच्याच शब्दांत सांगत होती.

“त्यांस्नी कमी दिसतंय हे आज न्हाय उद्या कळंलच की. त्याचं न्हाय काय. पर लोक म्हणतील, गूळ बायको करती. तसं न्हाय, पोरी. मी निस्ता रंग बघतो आन झारा वाजवतो. गोळी त्यांच्याच बोटाला कळती. गूळ त्यांचा हाय. आजून दोन हंगाम तरी त्यांचाच म्हणूंदेत.”

अण्णा ऐकताना मेघाचं तोंड बघत होते. मेघाच म्हणाली, काढते. मग थोड्या वेळाने म्हणाली, आता तरी एक कप चहा द्या कुणीतरी.

खेळाच्या रविवारी हॉल भरला होता. पहिल्या ओळीत तात्या, आक्काताई, त्यांची सून, आणि मालक कडक इस्त्रीत. मुंबईच्या बाई तिसऱ्या ओळीत बसल्या होत्या आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. फिल्म संपत आली. डोळा नव्हता, झारा नव्हता. पडद्यावर नुसती वाफ होती, काहिलीवर उठणारी. पण आवाज मेघाने काढून टाकला नव्हता. वाफेतून दोनदा ऐकू आलं, टक् टक्. मग ‘उतरा’. हॉलमधल्या दीडशे माणसांना तो गुऱ्हाळातला कसलातरी आवाज वाटला. अण्णांनी मला बोटाने खूण केली, पुढे बघ म्हणून. मी कडेला उभा होतो, तिथून मला आक्काताई दिसल्या. त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं नव्हतं. तोंडाला पदर लावून त्या हसत होत्या.

पहिला शब्द तात्यांचा. ते म्हणाले, फिल्म बरी आहे, गुळाचा वास तेवढा येत नाही. लोक हसले. मग मालक न विचारता उठले आणि म्हणाले की आमचं गुऱ्हाळ ह्या माणसाच्या बोटावर चालतंय, पुढच्या वर्षी पण हाच गुळव्या. टाळ्या पडल्या. मुंबईच्या बाई मेघाला बाजूला म्हणाल्या की चित्रण सुंदर आहे, पण माणूस हाताला लागत नाही, शेवट कुठेतरी राहून गेल्यासारखा वाटतो. त्यांचं अगदी बरोबर होतं. फिल्म निवडली गेली नाही.

अशा वेळी वडीलधारी माणसं काहीतरी मोठं बोलतात. आयुष्य पुढे पडलंय, जे होतं ते चांगल्यासाठी, वगैरे. मी असल्या वाक्यांची वाट बघत होतो, कारण ती ऐकली असती तर अण्णांविषयीचा माझा आदर जरा आटोक्यात राहिला असता. अण्णा तिला म्हणाले, “तुझं नुकसान झालं. माझ्यामुळं झालं. ह्यात गोड काय न्हाय.” दर महिन्याला ती आली की ते तिला नव्या फिल्मचं काय चाललंय ते विचारायचे, आणि त्यांनी दस्तूभाईंकडून तिला लग्नांची चित्रीकरणं मिळवून दिली. त्या कामाला मेघा आजही नावं ठेवते, आणि त्याच पैशांत तिने स्वतःचा कॅमेरा घेतला.

तात्यांनी दोन नाही, तीन हंगाम काढले. मग एक दिवस त्यांनी स्वतःच मालकाला सांगितलं की आता दुसरा माणूस बघा. त्याच आठवड्यात आक्काताईंचा मेघाला फोन आला. तुझ्याकडं तो तुकडा आहे का अजून? आता दाव.

तोवर अण्णांची तब्येत उतरली होती. मुलाचा विरोध होता, डॉक्टरांचाही. तरी ते आले. दस्तूभाईंनी त्यांना खुर्चीसकट वर उचलून आणायची तयारी दाखवली, तेव्हा मी काय नवरदेव हाय व्हय, म्हणत ते एकेक पायरी चढून आले आणि आपल्या जागेवर, आमच्याकडे तोंड करून बसले. तात्यांना आता काहीच दिसत नव्हतं. आक्काताई त्यांच्या कानाशी लागून पडद्यावर काय चाललंय ते सांगत होत्या. आता रस आला, आता चुलवाणात चिपाड घातलं, आता तुमी बिडी वडताय. खेळात कुणी बोललेलं अण्णांना खपत नसे, पण त्या दिवशी त्यांनी कुणालाही हटकलं नाही, आणि हॉलही गप्प राहून दोन्ही ऐकत होता, फिल्म आणि आक्काताई. मग शेवटची दोन मिनिटं आली. डोळा आला, झारा आला. आक्काताई बोलायच्या थांबल्या.

तात्यांनी विचारलं, “का गं, थांबलीस?”

“आता मीच हाय,” त्या म्हणाल्या.

मी इतकी वर्षं अण्णांकडून काय शिकलो, असं मला अलीकडे एका कार्यक्रमात विचारलं गेलं. प्रमुख पाहुणे होते, शाली होत्या, आणि अण्णा वारून चार महिने झाले होते. मी काहीतरी बोललो. खरं उत्तर तिथं सांगण्यासारखं नव्हतं. मी लोकांविषयी लिहून पोट भरतो, आणि माझं लिहिलेलं वाचताना त्या लोकांचं तोंड कसं होतं हे बघायला पाहिजे, एवढं साधं मला पन्नाशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. ज्याने सांगितलं तो पेंड विकायचा. मी त्यांचा ऋणी आहे, असं लिहिलं तर ते म्हणाले असते, म्हणजे काय झालं, मास्तर? म्हणून तेवढ्यावर थांबतो.

त्या खेळानंतर ते परत हॉलमध्ये आले नाहीत. मी त्यांना शेवटचं चालताना बघितलं ते तालमीच्या जिन्यात. जिना अरुंद आहे आणि मधे वळण आहे. गर्दी उतरून गेली होती. आक्काताई मेघाशी बोलत वर मागे राहिल्या होत्या. अण्णा एक पायरी खाली, तात्या एक पायरी वर, आणि तात्यांचा हात अण्णांच्या खांद्यावर. अण्णांचे गुडघे प्रत्येक पायरीला कुरकुरत होते. ते वरूनही ऐकू येत होतं. मी पुढे होऊन धरू का म्हणालो, तर हाताने मला मागेच राहायला सांगितलं.

तात्या म्हणाले, “पावणं, तुमी पडलासा तर मी धरू कसा? मला दिसतंय कुठं?”

“मग दोघंबी पडूया की,” अण्णा म्हणाले. “खाली दस्तूभाई हाय.”

आणि पुढच्या पायरीवर त्यांनी पाय टाकला.